ट्रॅफिक हेल्पलाइनला खर्च किती येतो हे विचारायला गेले तेव्हा

बेफाम गाडी चालवणाऱ्यांची तक्रार करायला आमच्या शहरात ट्रॅफिक पोलिसांचा एक नंबर आहे. फोन करा नाहीतर व्हॉट्सॲपवर फोटो, व्हिडिओ टाका. चौकाचौकात बोर्ड आहेत, पेपरात अधूनमधून बातमी येते, सगळ्यांना माहिती आहे. त्या नंबरवर सरकारचा वर्षाला किती पैसा जातो एवढंच मला हवं होतं आणि त्यासाठी मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. काय हातात आलं आणि कुठे अडलं ते जरा सविस्तर लिहितेय, कारण मी सुरुवात केली तेव्हा असा कुणी लिहिलेला अनुभव मला शोधून सापडला नव्हता. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली बरीच माणसं मला मदतच करत होती आणि जे अडलं ते कुणा एकाच्या आळसामुळे अडलं असं मला आजही वाटत नाही.

मुळात विषय निघाला टँकरवरून. आमच्या रस्त्यावर बिल्डिंगांची कामं चालू आहेत, त्यामुळे दिवसभर पाण्याचे टँकर, रेडी मिक्सच्या गाड्या, डंपर असं सगळं चालू असतं, आणि डिव्हायडरला कट लांब आहे म्हणून हे लोक वळसा न घालता सरळ राँग साइडने घुसतात, तेही शाळा सुटायच्या वेळेला, लहान पोरं दप्तरं घेऊन कडेने चाललेली असतात तेव्हा. मी त्या नंबरवर व्हिडिओ टाकायला लागले. लगेच ऑटोमॅटिक मेसेज यायचा की आपली तक्रार प्राप्त झाली, संबंधित विभागाकडे पाठवली. पुढे काय झालं ते क्वचित कळायचं, एखाद्या गाडीला चलन गेलं म्हणून उत्तर आलं तर आलं. सोसायटीच्या ग्रुपवर हा विषय निघाला की दोन तट पडायचे. काहींचं म्हणणं की ही हेल्पलाइन म्हणजे पैसे पाण्यात, बंद करा आणि ती माणसं चौकात उभी करा. काहींचं म्हणणं की व्हॉट्सॲप तर आहे, फुकटचं काम, असू दे की. मी एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे, मला या दोन्ही गोष्टी पटत नव्हत्या. फुकट तर ते असूच शकत नाही, कुणीतरी खुर्चीवर बसून ते व्हिडिओ बघतोय ना, त्याचा पगार कुठूनतरी निघतोय. आणि पैसे वाया जातात म्हणायचं तर आधी किती जातात ते तरी माहिती पाहिजे.

आधी वाटलं कुठेतरी छापलेलं असेलच. ११२ बद्दल शोधलं तर भराभर सापडतं. ही देशभराची इमर्जन्सी सेवा, हिमाचलमध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा सुरू झाली, आपल्याकडे महाराष्ट्रात २०२१ मध्ये आली, आणि त्या योजनेला निर्भया फंडातून ३२१.६९ कोटी मंजूर झाले होते. हा आकडा संसदेतल्या उत्तरांत, सरकारी पत्रकांत सगळीकडे आहे, कारण त्या योजनेला स्वतःचं नाव आहे, स्वतःचा निधी आहे. नॅशनल हायवेवर १०३३ आहे, ती हायवे प्राधिकरणाची. पण शहराच्या ट्रॅफिक पोलिसांचा जो साधा नंबर असतो त्याचं काहीच नाही. राज्याच्या बजेटात पोलीस म्हणून २०५५ हे मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, आहे, त्यात पगार, कार्यालयीन खर्च, टेलिफोन-वीज, कंत्राटी सेवा असे उपप्रकार दिसतात. बीम्स म्हणजे राज्याच्या बजेटच्या साइटवर बसून मी तेही चाळलं, हजारो कोटींचे आकडे आहेत, पण त्यात आमच्या हेल्पलाइनची ओळ शोधणं म्हणजे समुद्रात मीठ कुठलं ते शोधणं. खरं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या बजेटची, खर्चाची माहिती कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायची असते. त्या ऑफिसच्या साइटवर ते पान होतं, पण खूप जुनं आणि हेल्पलाइनचा त्यात उल्लेखच नाही.

मग अर्ज. आमच्या शेजारी एक काका राहतात, सरकारी ऑफिसात लेखा शाखेतून रिटायर झालेले, त्यांना मी मजकूर दाखवला. मी लिहिलं होतं, "हेल्पलाइनवर वार्षिक किती खर्च होतो?" काका म्हणाले, "बाळ, प्रश्न नको विचारूस. प्रश्नाला उत्तर द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही, त्यांच्याकडे जो कागद आहे तो द्यायचं आहे. कागद माग." हे त्यांनी सांगितलं नसतं तर माझा अर्ज पहिल्याच फेरीत गारद झाला असता. मग आम्ही दोघांनी बसून कुठले कागद असतील त्याचा अंदाज बांधला. माणसं नेमली असतील तर नेमणुकीचे आदेश असतील. रोज ड्युटी लागत असेल तर ड्युटी चार्ट असेल. नंबर आहे म्हणजे टेलिफोनचं बिल असेल. सॉफ्टवेअर किंवा कॉम्प्युटर घेतले असतील तर वर्क ऑर्डर, देखभालीचा करार. तक्रारी येतात तर नोंदवही किंवा महिन्याचा गोषवारा. एवढं सगळं १५० शब्दांत बसवायचं, कारण महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयावरचा हवा असं आहे. काकांनी प्रत्येक वाक्यात "च्या साक्षांकित प्रती" असं घातलं आणि शेवटी एक ओळ टाकायला लावली की अभिलेखाची पाहणी करण्याची संधी मिळावी. ती ओळ पुढे सगळ्यात उपयोगी पडली.

जोडपत्र अ, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, भरला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि स्वतः नेऊन दिला. ऑनलाइन पोर्टल आहे राज्याचं, पण मला आवक शिक्क्याची पोच हातात हवी होती. आवक टेबलावरच्या ताईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "हे कशाला पाहिजे तुम्हाला? पत्रकार आहात का?" कलम ६(२) प्रमाणे कारण सांगायची गरज नसते, पण मी भांडले नाही, म्हटलं की आमच्या रस्त्यावर टँकरचा त्रास आहे, हेल्पलाइन कशी चालते ते समजून घ्यायचंय. त्यांनी शिक्का मारला आणि सांगितलं की उत्तराला ३० दिवस लागतात. पोचेचा फोटो काढून ठेवा, हे मी सगळ्यांना सांगते, पुढचा सगळा हिशोब त्या तारखेवर चालतो.

उत्तर मुदतीच्या अगदी शेवटाला आलं. एक पानाचं. सदर हेल्पलाइनकरिता स्वतंत्र लेखाशीर्ष अथवा स्वतंत्र अनुदान नसल्याने खर्चाची माहिती निरंक (म्हणजे काही नाही) समजावी. मनुष्यबळाबाबत, उपलब्ध अंमलदारांमधून आवश्यकतेनुसार नेमणूक केली जाते. सॉफ्टवेअरबाबतचा मुद्दा वरिष्ठ कार्यालयाशी संबंधित. तक्रारींची माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही. झालं.

हे वाचून माझी पहिली प्रतिक्रिया चिडचिड होती, पण काकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले की यात एक गोष्ट तुला मिळाली आहे. स्वतंत्र अनुदान नाही हे त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय. म्हणजे जी सेवा चौकाचौकात बोर्ड लावून जाहीर केली तिच्यासाठी एक रुपयासुद्धा वेगळा ठेवलेला नाही, दुसऱ्या कामाची माणसं आणि दुसऱ्या कामाचे पैसे उचलून ती चालते. हे मला नीट कळायला थोडा वेळ लागला आणि मग माझ्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा झाला.

पहिलं अपील केलं, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टॅम्प. पहिल्या उत्तरापासून ३० दिवसांत करायचं असतं. अपिलात मी एवढंच लिहिलं की खर्चाचं शीर्ष नसेल तर नसू दे, पण मी बिलं, आदेश आणि ड्युटी चार्ट मागितले होते, ते कागद अस्तित्वात आहेत की नाहीत ते उत्तरात कुठेच नाही, आणि पाहणीच्या विनंतीवर एक शब्द नाही. आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या कार्यालयाचं असेल तर कलम ६(३) प्रमाणे तेवढा भाग पाच दिवसांत तिकडे पाठवायला हवा होता. सुनावणीला बोलावलं. मी जरा घाबरले होते, पोलीस ऑफिस म्हटलं की आपण दबकतोच, पण अपिलीय अधिकारी साहेब शांत होते. त्यांनी माहिती अधिकाऱ्याला विचारलं, ड्युटी चार्ट असतो ना आपल्याकडे? असतो साहेब. मग? साहेब ते रोज बदलतात, खूप पानं होतील, आमचा माणूस दिवसभर झेरॉक्सच काढत बसेल. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही येऊन बघा, जे हवं त्यावर खुणा करा, तेवढ्याच प्रती देऊ, चालेल?" मला तर तेच पाहिजे होतं. पाहणीला पहिला तास फी नसते, नंतर दर पंधरा मिनिटाला ५ रुपये, आणि झेरॉक्स २ रुपये पान. तक्रार करणाऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर झाकून दाखवायचे असंही त्यांनी आदेशात घातलं, आणि मी म्हटलं साहेब ते झाकाच. टँकरवाल्याविरुद्ध कुणी तक्रार केली हे बाहेर आलं तर त्या माणसाचं काय होईल ते आपल्याला माहिती आहे, कायद्यातही अशा माहिती देणाऱ्याला संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं.

पाहणीचा दिवस हा या सगळ्यातला खरा भाग. कंट्रोल रूमच्या बाजूला एक छोटी खोली, तिथे हेल्पलाइनचं टेबल, एक कॉम्प्युटर, मोबाइल चार्जिंगला लावलेला, आणि त्याच्यावर सतत टुंग टुंग. मला बाजूच्या टेबलावर रजिस्टरं आणि फाइली दिल्या. तिथे एक हवालदार होते, वयाने माझ्या मोठ्या भावाएवढे, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे चौकातली ड्युटी जमत नाही म्हणून इथे दिलेले. कामातून सवड मिळेल तसं ते स्वतःहूनच समजावून सांगायला लागले.

ते म्हणाले, "ताई, लोकांना वाटतं फोटो टाकला की चलन गेलं. तसं होत नाही." एकेक फोटो उघडायचा. नंबर प्लेट नीट दिसतेय का. तारीख-वेळ-ठिकाण आहे का, नसेल तर परत विचारायचं, ते उत्तर येईपर्यंत ती तक्रार उघडीच. आपल्या हद्दीतली आहे का. मग नंबर टाकून गाडी तीच आहे का बघायचं, कारण डुप्लिकेट नंबर प्लेटा बऱ्याच असतात, स्कूटरचा नंबर टाकला तर कार निघते. मग गुन्हा कुठल्या कलमात बसतो ते ठरवायचं. मग साहेबांची मंजुरी, मग चलन. यातला एक व्हिडिओ नीट हातावेगळा करायला किती वेळ जातो ते मी बाजूला बसून बघितलंय, आणि तोवर मोबाइलवर नवीन येतच असतात.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी विचारातच घेतलं नव्हतं. रजिस्टरमध्ये पानंच्या पानं पार्किंगच्या तक्रारी. नो पार्किंग, डबल पार्किंग, गेटसमोर गाडी, फुटपाथवर गाडी. कारण सरळ आहे, उभ्या गाडीचा फोटो कुणीही काढू शकतं. जो खरोखर जीवघेणा चालवतोय तो तुमच्या समोरून दोन सेकंदात निघून जातो, तुम्ही खिशातून मोबाइल काढेपर्यंत तो पुढच्या सिग्नलला. आणि जो गाडी चालवता चालवता शूट करतो तो स्वतःच गुन्हा करतोय, मोबाइल हातात धरून गाडी चालवणं हे पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्येच, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच येतं. राँग साइड त्यातच, सिग्नल तोडणं त्यातच. पहिल्या वेळेला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १ हजार ते ५ हजार दंड किंवा दोन्ही, असं ते कलम आहे. म्हणजे हेल्पलाइन बेफाम ड्रायव्हरसाठी काढली आणि तिचा बहुतेक वेळ उभ्या गाड्यांमध्ये जातो. ही तक्रार करणाऱ्यांची चूक नाही, पार्किंगचा त्रासही खराच आहे, पण पैशाच्या दृष्टीने बघितलं तर एका धोकादायक ड्रायव्हरपर्यंत पोचायला ही यंत्रणा जेवढा वेळ खर्च करते तो खूप महाग वेळ आहे. रजिस्टरमध्ये धोकादायक ड्रायव्हिंगचा वेगळा रकानाच नव्हता, "इतर" मध्ये सगळं.

ड्युटी चार्ट मी नीट बघितले. साध्या दिवसात सकाळी एक, दुपारी एक, रात्री बऱ्याचदा कुणीच नाही, रात्रीचे मेसेज सकाळी बघायचे. पिऊन गाडी चालवणारे आणि शर्यती लावणारे रात्रीच असतात. आणि गणपतीत, नवरात्रात, निवडणुकीत, कुठल्या मोठ्या सभेला ही खुर्ची पहिली रिकामी होते कारण बंदोबस्ताला माणसं लागतात. चार्टवर त्या दिवसांपुढे सरळ "बंदोबस्त" लिहिलेलं. आणि त्याच तारखांनंतरचं तक्रारींचं रजिस्टर उघडलं तर "प्रलंबित, प्रलंबित, प्रलंबित" असा ढीग. दोन फाइली शेजारी शेजारी ठेवल्या की हे इतकं स्पष्ट दिसत होतं की मी हवालदार दादांना दाखवलं, ते म्हणाले, "आम्हाला माहितीच आहे ताई, पण आम्ही कुणाला सांगणार, ही पोस्ट मंजूरच नाहीये." मंजूर पद नाही, म्हणून रिकामं झालं तरी कुठे नोंद नाही, म्हणून कुणी वाढवूनही देत नाही.

आता खर्चाचं. टेलिफोनची बिलं मिळाली, ती किरकोळ आहेत, एका मध्यम ऑफिसला येतात तशी. कॉम्प्युटर जुना, दुसऱ्या योजनेतून आलेला. सॉफ्टवेअर म्हणजे चलनाची सिस्टीम, ती पूर्ण राज्याची एकच आहे, तिचा खर्च या नंबरच्या नावावर टाकणं बरोबर होणार नाही. राहिला पगार, आणि खरा खर्च तोच. वैयक्तिक पगाराच्या स्लिपा मी मागितल्या नाहीत, गरजही नव्हती. शिपाई पदाचं वेतन सातव्या आयोगात एस-७ म्हणजे २१,७०० ते ६९,१०० या श्रेणीत असतं हे उघड आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं. हवालदार त्याच्या वरच्या श्रेणीत. मी अगदी हात राखून सरासरी महिना ४० हजार धरले. आता एक खुर्ची चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास होतात, एका माणसाचे आठ तासाने सहा दिवस म्हणजे ४८, भागलं की साडेतीन माणसं, त्यात रजा, कोर्टाच्या तारखा, ट्रेनिंग धरलं की चार. चार माणसं गुणिले ४० हजार म्हणजे महिना १ लाख ६० हजार, वर्षाला १९ लाख २० हजार. एका खुर्चीचे. पेन्शन, जागा, वीज, वर देखरेख करणारा अधिकारी हे सगळं सोडून. ही माझी बेरीज आहे, ऑफिसने दिलेला आकडा नाही, हे मी सगळीकडे स्पष्ट सांगते. पण अकाउंट्सवाल्या माणसाला एवढ्यावरून दिसतं की हे फुकट नाही आणि डोंगराएवढंही नाही. आमच्या शहरात एका चौकाच्या सुशोभीकरणाची टेंडरं याच्यापेक्षा मोठी निघतात.

सोसायटीच्या ग्रुपवर हे मांडलं तेव्हा एकांनी लिहिलं, बघा, २० लाख, म्हणजे वायाच. मी त्यांना उलट विचारलं की दादा तुम्ही ज्या सेवेला २० लाखाची माणसं द्यायला हवी तिथे तेवढी दिली नाहीत, रात्री खुर्ची रिकामी ठेवली, सणाला काढून घेतली, मग ती चालत नाही म्हणून बंद करायची, हा कुठला हिशोब? महाराष्ट्रात रस्त्यावर २०२२ मध्येही १५ हजारांच्या वर माणसं मेली आणि २०२३ मध्येही. देशात २०२२ मध्ये १ लाख ६८ हजार ४९१. पुण्याच्या नवले पुलाजवळ २०२२ च्या नोव्हेंबरात एका अवजड वाहनाने एकामागून एक गाड्यांना उडवत नेलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. असा अपघात एका हेल्पलाइनने थांबला असता असं मी म्हणत नाही, उताराचे आणि रस्त्याच्या रचनेचे प्रश्न वेगळे आहेत. पण जो टँकर आमच्या शाळेसमोरून रोज राँग साइडने येतो त्याचा नंबर, त्याची वेळ, त्याचा मालक हे सगळं आम्ही आधीच सांगतोय, अपघाताच्या आधी सांगतोय, आणि ते ऐकायला टेबलावर माणूस नसेल तर ती माहिती वाया जातेय. पैसे वाया जाण्यापेक्षा मला हे जास्त लागतं.

पुढचा खर्च आणखी वेगळा आहे, तो कुणी धरतच नाही. चलन गेलं म्हणजे दंड आला असं नाही. राज्यात ई-चलनांची थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे आहे. लोक भरत नाहीत, मग नोटिसा, मग लोकअदालत. कलम १८४ लावलं तर कोर्टात जावं लागू शकतं, तिथे व्हिडिओ पुराव्याचं काय, तक्रारदार येणार का, गाडी कोण चालवत होता. मालकाने ड्रायव्हरची माहिती द्यायची जबाबदारी कलम १३३ मध्ये आहे, पण ती मागायला पत्र पाठवायचं, आठवण करायची, त्याला पण माणूस लागतो. हवालदार दादांनी सांगितलं की यामुळे बऱ्याचदा १८४ ऐवजी साध्या कलमात चलन करून विषय संपवतात, निदान काहीतरी नोंद होते. ऐकायला वाईट वाटतं, पण त्या खुर्चीत बसून दिवसाचा ढीग संपवायचा असेल तर दुसरं काय करणार? कंत्राटदाराच्या टँकरला मात्र ५०० रुपयाच्या चलनाने काही फरक पडत नाही, तो धंद्याचा खर्च समजून सोडून देतो, हे मी माझ्या रस्त्यावर बघतेय.

सॉफ्टवेअरच्या मुद्द्यावर वरच्या ऑफिसचं उत्तर अजून आलेलं नाही. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे करता येतं, ९० दिवसांत, पण आयोगाकडे ढीगभर प्रकरणं तुंबलेली आहेत, माझ्या एका मुद्द्यासाठी तिथे रांग लावून काय मिळणार याचा विचार केला आणि तो नाद सोडला. त्यापेक्षा मला मिळालेले कागद वापरायचं ठरवलं. आमच्या भागातल्या तीन-चार सोसायट्यांच्या सह्या घेऊन वरिष्ठांना एक निवेदन दिलं. त्यात खर्च कमी करा असं कुठेही नाही. मागण्या साध्या आहेत, हेल्पलाइनची पदं मंजूर करून घ्या म्हणजे बंदोबस्ताला ती सहजासहजी काढता येणार नाहीत, नोंदवहीत धोकादायक ड्रायव्हिंगचा रकाना वेगळा करा आणि त्या तक्रारी पार्किंगच्या आधी बघा, रात्रीची पाळी चालू करा, आणि वर्षाला एकदा साइटवर एक पान टाका की माणसं किती, तक्रारी किती, कारवाई किती, पैसे किती. निवेदन घेताना तिथल्या अधिकारी मॅडमनी ड्युटी चार्टच्या आणि रजिस्टरच्या माझ्या झेरॉक्स मागून घेतल्या, म्हणाल्या, "हे असं शेजारी ठेवून आम्ही पण बघितलं नव्हतं." रकाना वेगळा करायचं काम त्यांच्या हातातलं होतं, ते त्यांनी लगेच करायला लावलं, हे मी नंतर हवालदार दादांकडून ऐकलं. पदांचा प्रस्ताव गृह खात्यातून मंजूर व्हावा लागतो, ते लांबचं काम आहे.

तुमच्या शहरात कुणाला हेच करायचं असेल तर खर्च किती असं विचारू नका. हेल्पलाइनवर नेमलेल्या अंमलदारांचे नेमणूक आदेश, मागच्या आर्थिक वर्षातल्या कुठल्याही दोन महिन्यांचे ड्युटी चार्ट, त्यातला एक गणपतीचा घ्या, त्याच दोन महिन्यांची तक्रार नोंदवही वैयक्तिक तपशील झाकून, टेलिफोनची बिलं, आणि अभिलेखाची पाहणी, एवढं मागा. अर्ज स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, पाहणीला जाताना बरोबर एक माणूस न्या, कारण एकाने वाचायचं आणि एकाने लिहून घ्यायचं असं केलं तर फुकटच्या पहिल्या तासात बरंच उरकतं. आणि टेबलावर जो माणूस बसलेला असेल त्याच्याशी नीट बोला, कागदात जे नाही ते त्याला माहिती असतं. माझा दुसरा अर्ज आता गेलाय, नवीन रकान्यात किती तक्रारी पडल्या आणि त्यातल्या किती रात्रीच्या होत्या, त्या नोंदवहीची प्रत मागितली आहे.